संतप्त नातेवाईकांच्या बातमीचं पुढे काय होतं?

मा. संपादक,
नमस्कार.

तीन आठवडे झाले, तुमच्या पेपरात तिसऱ्या पानावर बातमी होती, "इंजेक्शन देताच तरुणाचा मृत्यू, संतप्त नातेवाईकांची रुग्णालयात तोडफोड". सोबत फोटो, फुटलेल्या काचा, आडवा पडलेला सलाईनचा स्टँड, फरशीवर विखुरलेले केसपेपर. त्या बातमीचं कात्रण समोर ठेवूनच हे पत्र लिहितेय. लांबलं तर काटछाट करा पण साप चावल्याचा भाग तेवढा काढू नका.

मी निवृत्त स्टाफ नर्स आहे. ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, आधी ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा, मग सिव्हिल, आणि त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात. तुमच्या बातमीत मधेच एक ओळ आहे, की पोरगा रात्री घरात खाली गोधडीवर झोपला होता, पहाटे पोटात कळ आली म्हणून उठला, घसा दुखतोय म्हणाला आणि डोळे उघडेनात. भावानं सांगितलं तसंच बातमीदारानं लिहिलंय आणि पुढच्या ओळीत लगेच तोडफोडीवर गेलाय. माझी नजर त्या ओळीवरून हललीच नाही. पावसाळा, जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या, एवढं ऐकलं की आमच्याकडची झाडू मारणारी मावशी पण म्हणायची, सिस्टर मण्यार दिसतेय.

मण्यार चावलेली बऱ्याचदा कळतच नाही. दात बारीक, सूज नाही, आग नाही, कधी कधी जागा पण सापडत नाही. घोणस चावली तर पाय सुजतो, माणूस ओरडतो, नातेवाईकांना समोर दिसतं की काहीतरी भयंकर झालंय. मण्यारीचा पेशंट मात्र स्वतःच्या पायानं चालत येतो, बाकड्यावर बसतो, पाणी मागतो, बायकोला सांगतो म्हशीला वैरण टाकायची राहिलीय. आणि तेवढ्यात आत विष नसांवर बसत चाललेलं असतं, आधी पापण्या, मग जीभ, मग मान, आणि शेवटी श्वास. आपण जी सापाची लस देतो, एएसव्ही, ती रक्तात फिरणाऱ्या विषाला धरते, जे आधीच नसेच्या टोकाला जाऊन बसलंय ते तिला सोडवता येत नाही, अशा पेशंटला कधी कधी कित्येक दिवस व्हेंटिलेटरच लागतो आणि तालुक्याच्या ठिकाणी तो असेलच असं नाही, असला तर तो चालवणारा माणूस असेलच असं नाही.

आता बाहेर उभ्या असलेल्या भावाला काय दिसतं? आपला माणूस चालत आला, बोलत होता, सिस्टरनं सलाईन लावली, त्यात एकामागून एक दहा बाटल्या कसल्यातरी फोडून घातल्या आणि तासाभरात तो गेला. त्यानं डोळ्यांनी हेच पाहिलंय. त्याला कोणी मण्यार म्हणजे काय हे सांगितलेलं नाही, श्वास बंद पडू शकतो हे आधी सांगितलेलं नाही, सांगायला माणूसच नव्हता कारण एकुलता एक डॉक्टर आणि एकुलती एक सिस्टर आत तोंडात नळी घालत होते. मी त्याच्या जागी असते तर मी पण म्हणाले असते की सुई दिली आणि माझा भाऊ मारला.

तो पोरगा मण्यारीनंच गेला असं मी म्हणत नाहीये. मी तिथे नव्हते, केसपेपर बघितला नाही. औषधाची रिअ‍ॅक्शन पण असू शकते, एएसव्हीची येते, आणि खरोखरची हलगर्जी पण असू शकते, ती पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय, नाही म्हणणार नाही. पण जे पोस्टमॉर्टेम व्हायच्या आधी डॉक्टरला माहीत नव्हतं, पोलिसांना माहीत नव्हतं, ते तुमच्या हेडिंगला माहीत होतं.

असं रोज घडतं हो. फवारणीचं औषध प्यालेल्याला आम्ही अ‍ॅट्रोपिन देतो, ते द्यावंच लागतं, आणि ते चढलं की पेशंट बडबडायला लागतो, कपडे फाडतो, नळ्या ओढतो, मग हात बांधावे लागतात, आणि गावाकडून आलेला चुलता खिडकीतून बघतो की पुतण्याला खाटेला बांधलंय. छाती दाबायची वेळ आली तर म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडतात, नीट दाबलं तरी मोडतात, त्याचा आवाज येतो, आणि पडद्याच्या फटीतून पाहणारी सून बाहेर जाऊन सांगते डॉक्टर मामंजींच्या छातीवर चढला होता. यातलं एकही माणूस खोटं बोलत नसतं.

मग मी कोणाच्या बाजूची? माझ्यावरही हात पडलाय म्हणून हे सांगणं भाग आहे.

२०११ सालचा ऑक्टोबर. दवाखान्याचं नाव घेत नाही, तिथे अजून माझ्यासोबतच्या मुली काम करतात. रात्री एकच्या सुमारास एक बाळंतीण आली, दुसरीकडे डिलिव्हरी झालेली, रक्तस्राव थांबेना म्हणून आमच्याकडे पाठवलेली. रिक्षात मागच्या सीटवर आडवी आणि रिक्षाच्या फळीवर रक्त. पोरगी पांढरीफट्ट. ड्युटीवर सव्वीस वर्षांचा डॉक्टर, मी, एक मामा म्हणजे वॉर्डबॉय आणि एक मावशी. रक्ताची पिशवी आणायला मामा सायकलवर गेला. आम्ही पोट चोळत होतो, इंजेक्शनं देत होतो, दोन्ही हातात सलाईन, डॉक्टर मोठ्या मॅडमना फोनवर फोन लावत होता. मॅडम निघाल्या होत्या, पण पोहोचायच्या आत सव्वातीनला ती गेली.

तिची आई तिच्या उशाशीच होती पूर्णवेळ. तिनं सगळं पाहिलं, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. नवरा भिंतीला टेकून खाली बसला, तोंडातून शब्द नाही. आणि मग वीस मिनिटांनी गावाकडून टेम्पो आला. त्यातून जी पंधरा वीस माणसं उतरली त्यातल्या एकालाही मी त्या रात्री आधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी डॉक्टर कुठे म्हणून विचारलं आणि ड्रेसिंगची ट्रॉली उलटी केली. डॉक्टरला मावशीनं चादरींच्या खोलीत ढकलून बाहेरून कुलूप घातलं, मी दारासमोर उभी राहिले, सलाईनचा स्टँड माझ्या खांद्यावर बसला. हाडाला चीर गेली, सहा आठवडे हात गळ्यात. त्या पोरीची आई ओरडत होती, तिला मारू नका, तिनं माझ्या लेकीला पुसलंय. तिचं ऐकणारं तिथे कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं? "संतप्त नातेवाईकांचा गोंधळ". संपादक साहेब, मारणारे उशाशी बसलेले नव्हते, हे मला तुम्हाला सांगायचंय. माझ्या ३१ वर्षांत जेवढ्या मारामाऱ्या पाहिल्या त्यातल्या बहुतेकांत हेच होतं. जो रात्रभर पंख्यानं वारा घालत बसतो, जो तीनदा मेडिकलला धावतो, त्यानं आम्हाला पळताना पाहिलेलं असतं. तो रडतो, शिव्या देतो, आमच्या तोंडावर दार आपटतो, पण खुर्ची सहसा उचलत नाही. खुर्ची उचलतात टेम्पोनं उशिरा आलेले, ज्यांनी पेशंटला सहा महिन्यांत पाहिलेलं नसतं आणि ज्यांना गावासमोर दाखवायचं असतं की आपण आलो होतो, काहीतरी केलं. कधी त्यांच्यात कोणीतरी पुढारी असतो, कधी दोन घोट घेतलेले असतात, कधी कोणीतरी मोबाईल काढून शूटिंग करत असतो. त्यांना संतप्त नातेवाईक म्हटलं की त्यांच्या हातातला स्टँड त्या आईच्या दुःखात लपून जातो. आणि त्या खऱ्या आईवर पण अन्याय होतो, तिच्या नावावर दंगल लागते.

पुढचं ऐका. पोलिसांनी आधी नेहमीची कलमं लावली, शिवीगाळ, किरकोळ मारहाण. आमच्याकडे २०१० चा कायदा आहे हे त्या हवालदाराला माहीत नव्हतं. महाराष्ट्रात २०१० पासून दवाखान्यातल्या माणसावर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, आणि जे फोडलं त्याच्या दुप्पट भरपाई. यात फक्त डॉक्टर नाहीत, नर्स, वॉर्डबॉय, शिकणारी पोरं सगळे येतात. कोणीतरी झेरॉक्स आणून दिली तेव्हा ते कलम लागलं. मग मिटवून घ्या सुरू झालं. आधी गावचा माणूस आला, मग नगरसेवक आला, मग आमच्याच ऑफिसातून निरोप आला की सिस्टर तुमची बदलीची वेळ जवळ आलीय, कशाला कोर्टकचेरी. मी नाही म्हटलं.

साडेचार वर्षांनी समन्स आलं. तोवर माझी बदली दुसऱ्या जिल्ह्यात, तो डॉक्टर पुढचं शिकायला दुसऱ्या राज्यात. रात्रीच्या एसटीनं मी तीन तारखांना गेले. पहिल्या तारखेला वकील आजारी, दुसरीला जज्ज साहेब रजेवर, तिसरीला साक्ष झाली आणि मला विचारलं की पंधरा वीस माणसांतला स्टँड नेमका कोणी मारला ते सांगा. मी पाठमोरी होते, दाराकडे तोंड करून. सगळे सुटले. ही बातमी कुठल्याच पेपरात आली नाही, तोडफोडीचा फोटो मात्र चार कॉलम होता.

म्हणून मला कायदा कडक करा, अजून कडक करा हे ऐकलं की थोडा थकवा येतो. २०२० मध्ये करोनात केंद्रानं साथरोग कायद्यात दुरुस्ती केली, एप्रिलला वटहुकूम आणि सप्टेंबरात कायदा. त्यात तीन महिने ते पाच वर्षं शिक्षा, गंभीर इजा असेल तर सहा महिने ते सात वर्षं आणि पाच लाखांपर्यंत दंड, सगळे त्या आकड्यांबद्दल बोलले. माझ्या मते त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच होती, की तपास ३० दिवसांत आणि खटला एका वर्षात संपवायचा प्रयत्न करायचा. हे जर २०११ ला असतं तर तो डॉक्टर गावातच होता, मामा जिवंत होता, मावशी साक्षीला आली असती. पण ते साथीपुरतं. २०१९ ला केंद्राच्या वेगळ्या कायद्याचा मसुदा आला होता तो बारगळला. आणि कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलमध्ये ऑगस्ट २०२४ ला ती डॉक्टर मुलगी मारली गेली, सलग ३६ तासांच्या ड्युटीत थोडी टेकायला गेली होती पोरगी, त्यानंतर सुप्रीम कोर्टानं टास्क फोर्स नेमला, त्यांनी पण वेगळा केंद्रीय कायदा लागत नाही असंच म्हटलं. ती केस नातेवाईकांच्या मारहाणीची नाही हे मला माहीत आहे, पण आम्हा बायकांना रात्रीच्या ड्युटीत टेकायला कडी लागणारी खोली नसते हा मुद्दा एकच आहे. मी अकरा वर्षं स्टोअररूममध्ये कॉटनच्या गठ्ठ्यावर बसून पाठ टेकलीय.

धुळ्याचं आठवतं का तुम्हाला? मार्च २०१७. अपघातात डोक्याला मार लागलेला पेशंट सिव्हिलला आणला. ड्युटीवर हाडांचा निवासी डॉक्टर. मेंदूचा सर्जन तिथे नव्हता, त्यानं सांगितलं दुसरीकडे न्या, इथे होणार नाही. एवढंच. त्याला इतकं मारलं की डोळ्याला गंभीर इजा झाली. त्या पोरानं खोटं सांगितलं असतं, पेशंट ठेवून घेतला असता, सलाईन लावून बसला असता, तर कदाचित मार लागला नसता. खरं बोलला म्हणून लागला. मेंदूचा सर्जन नेमणं त्याच्या हातात होतं का? सिव्हिलला कोणती पोस्ट भरायची आणि कोणती रिकामी ठेवायची हे जिथे ठरतं तिथपर्यंत कोणाचा टेम्पो जात नाही, तो कॅज्युअल्टीच्या दारापर्यंतच येतो, कारण ते दार चोवीस तास उघडं असतं.

त्यानंतर मुंबईत सायन हॉस्पिटलात मारहाण झाली आणि राज्यातले साधारण ४ हजार निवासी डॉक्टर रजेवर गेले, हायकोर्टात गेलं प्रकरण, ११०० सुरक्षारक्षक द्यायचं ठरलं, एका पेशंटमागे दोन नातेवाईक अशी पासची पद्धत आली. डॉक्टर रजेवर गेले की गरिबाची ओपीडी बंद पडते, हे पण मी त्याच लाइनीत उभं राहून पाहिलंय, त्याचं मला वाईट वाटतं. पण मला सांगा त्यांनी दुसरं काय करायला हवं होतं. रक्षक आले ते मोठ्या मेडिकल कॉलेजांना. आमच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री एक चौकीदार, तोही साठीचा, तोच गेट उघडतो, तोच स्ट्रेचर ढकलतो आणि वेळ आली तर बॉडी पण तोच उचलतो.

आणि मोठी माणसंच जेव्हा हे करतात तेव्हा गावातल्या पोराला काय सांगायचं. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये २४ तासांत २४ पेशंट गेले, त्यात १२ नवजात बाळं. भयंकरच. पण औषधं कमी, माणसं कमी, आजूबाजूच्या जिल्ह्यांतून शेवटच्या क्षणी आणलेले पेशंट, हे सगळं असताना एका खासदारानं येऊन अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावला, कॅमेऱ्यासमोर. गोव्यात जून २०२५ ला बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत आरोग्यमंत्र्यांनी ड्युटीवरच्या डॉक्टरला सगळ्यांसमोर झापलं, तिथेच सस्पेंड करा म्हणाले, नंतर माफी मागावी लागली ही गोष्ट वेगळी. कोणी कोणाला मारलं नाही यात. पण बघणाऱ्यानं शिकायचं ते शिकून घेतलं, की दवाखान्यात आवाज चढवला की काम होतं.

ठाण्यात ऑगस्ट २००१ मध्ये आनंद दिघे गेले तेव्हा सिंघानिया हॉस्पिटल जमावानं जाळलं. आतल्या पेशंटना बाहेर काढायला लागलं. ते हॉस्पिटल पुन्हा सुरू झालं नाही. त्यानंतर तिथे कोणाचा बाप छातीत कळ येऊन रात्री रिक्षात बसला असेल तर तो पुढे किती लांब गेला असेल याचा हिशोब कुठल्या बातमीत येणार.

आता आमच्या बाजूचं. आम्ही चुकतो, आणि सगळ्यात जास्त बोलण्यात चुकतो, खरं तर न बोलण्यात. "बाहेर थांबा" हे दोन शब्द मी आयुष्यात किती हजार वेळा ओरडले असतील. रात्री ६० पेशंटला आम्ही दोघी, त्यात कोण कोणाला काय समजावणार, पण ज्याचं माणूस आत आहे त्याला हा हिशोब कशाला कळेल. त्याच्या हातात फक्त चिठ्ठी येते, हे औषध बाहेरून आणा, ते आणा, आणि सही करा इथे. सही कशाची हे वाचायला वेळ नाही.

हे मला खरं कधी कळलं तर माझी आई आजारी पडली तेव्हा. एका खाजगी दवाखान्यात आयसीयूत होती, पाच दिवस. सकाळी अकरा वाजता एक डॉक्टर बाहेर यायचे, चालता चालता म्हणायचे "सेम आहे" आणि जायचे. सेम म्हणजे काय? बीपी सेम, की शुद्ध सेम, की आशा सेम? मी नर्स, मॉनिटर वाचता येतो मला, पण मला आत सोडत नव्हते आणि काऊंटरवरची मुलगी म्हणायची मॅडम आधी आजचं डिपॉझिट भरा. चौथ्या दिवशी मी त्या काऊंटरवर इतक्या जोरात हात आपटला की पेनस्टँड खाली पडला आणि ती पोरगी घाबरून मागे सरकली. वीस बावीस वर्षांची असेल. ती तशीच मागे सरकली जशी मी २०११ ला सरकले होते. मी तिची माफी मागितली, पण त्या क्षणी माझ्या हातात काही असतं तर काय झालं असतं याचा विचार मी अजून करते. पगार तिला दहा बारा हजार असेल, बिल ठरवणारा आणि "सेम आहे" म्हणणारा दोघंही लिफ्टनं निघून गेलेले. कल्याणला जुलै २०२५ मध्ये अशाच एका क्लिनिकमधल्या रिसेप्शनच्या मुलीला झालेली मारहाण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिली. डॉक्टरांवरील हल्ला म्हणतो आपण, पण पहिला फटका खुर्ची दाराजवळ असणाऱ्याला बसतो, रिसेप्शनिस्ट, सिक्युरिटी, मावशी, सिस्टर.

आईनंतर मी ड्युटीत एक सवय लावून घेतली. सीरियस पेशंट असला की दर तासाला एकदा बाहेर जायचं, उशाशी बसणारं जे खरं माणूस असेल त्याला नाव विचारून ठेवायचं आणि त्यालाच एक वाक्य सांगायचं. "काका, आजीला ऑक्सिजन लावलाय, श्वास अजून जड आहे, बरं वाईट काहीच सांगता येत नाही, पण आम्ही आत आहोत." बस एवढंच. दोन मिनिटं लागत नाहीत. आणि वाईट होणार हे दिसायला लागलं की ते आधी सांगायचं, मेल्यावर नाही. मण्यारीचा पेशंट आला की मी त्याच्या भावाला तो चालत बोलत असतानाच सांगायचे, दादा हा आत्ता बोलतोय पण थोड्या वेळानं याचा श्वास बंद पडू शकतो, विषामुळे, तुम्ही घाबराल म्हणून आधी सांगतेय, आणि गावाकडून कोणी येत असेल तर त्यांना फोनवर तुम्हीच सांगा. टेम्पोतल्या माणसांना माझं ऐकू येणार नव्हतं, भावाचं ऐकू यायचं. सगळ्या वेळी चाललं असं नाही, एकदा तरीही शिव्या खाल्ल्या, पण स्टँड परत कोणी उचलला नाही माझ्या ड्युटीत. सरकारनं प्रत्येक कॅज्युअल्टीत रात्रीपाळीला एवढ्याच कामासाठी एक माणूस नेमला, जो आतलं बाहेर मराठीत, अहिराणीत, हिंदीत जी लागेल त्या भाषेत सांगेल, तर त्याचा पगार एका फोडलेल्या मॉनिटरपेक्षा कमी होईल.

बातम्यांचं पण लोकांच्या जिवाशी येतं. राजस्थानात लालसोटला मार्च २०२२ मध्ये बाळंतपणानंतर रक्तस्रावानं एक बाई गेली, माझ्या त्या रात्रीसारखंच. जमाव प्रेत घेऊन दवाखान्यासमोर बसला आणि पोलिसांनी डॉक्टर बाईंवर थेट खुनाचा गुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टर बाई जिवंत नव्हत्या. सुप्रीम कोर्टानं २००५ सालीच जेकब मॅथ्यूच्या केसमध्ये सांगून ठेवलंय की आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्या, उठसूट अटक करू नका. बाळंतपणात रक्तस्राव होतो, सगळं नीट करूनही होतो, आणि तो काही तासांत माणूस नेऊ शकतो. हे लोकांना माहीत नसतं, ते पेपरनं सांगायचं नाही तर कोणी सांगायचं? सापाच्या दिवसांत मण्यारीवर अर्धं पान छापा. बातमीपेक्षा जास्त वाचलं जाईल, आणि जमिनीवर झोपणारा एखादा माणूस मच्छरदाणी खोचून झोपला तर पेशंटच होणार नाही.

तर माझं मागणं. त्या पोराच्या घटनेला तीन आठवडे झाले. पोस्टमॉर्टेमचे सुरुवातीचे कागद झाले असतील, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला असेल तर त्याला वेळ लागेल, चौकशी समिती बसली असेल तर तिनं सिस्टरला आणि डॉक्टरला बोलावलं असेल. ती सिस्टर ड्युटीवर परत आली का, तिला कुठे लागलं होतं, गुन्हा कोणत्या कायद्यानं नोंदवला, २०१० चा लावला की नुसती शिवीगाळ, आणि फोटोत जी माणसं आहेत त्यांतली किती जणं त्या रात्री पेशंटसोबत होती, हे सगळं तुमच्या बातमीदाराला एका दुपारीत कळेल. त्या भावाला पण भेटा, त्याला आजपर्यंत कोणी समोर बसवून सांगितलंय का की तुझा भाऊ कशानं गेला. डॉक्टरची चूक निघाली तर ती पण छापा, नाव पुराव्यासकट छापा, मी पेपर विकत घेऊन वाचेन. फक्त तिसऱ्याच पानावर आणि पहिल्या बातमीएवढ्याच अक्षरात.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका, नाशिक
(नाव छापू नये ही विनंती)